जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवल्यावर येणारी शिट्टी, खरखर आणि मुके स्पीकर: कारण कसं शोधायचं

जुन्या गाडीतला मूळ रेडिओ काढून नवा बसवला, की काही दिवसांत तक्रारी सुरू होतात, आणि त्या ठरावीकच असतात. हत्यारं काढण्याआधी आपली तक्रार खालीलपैकी कोणती, ते नक्की करा.

लक्षणं

- इंजिन सुरू झालं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. रेस दिली की सूर चढतो, पाय काढला की उतरतो.
- इंजिनच्या चालीबरोबर टकटक ऐकू येते. एएमवर जास्त, एफएमवर कमी किंवा अजिबात नाही.
- डिस्प्ले लागतो, पण स्पीकर मुके. काही सेट थोडा वेळ वाजून स्वतःच बंद होतात.
- आवाज वाढवला किंवा रात्री हेडलाइट लावले, की रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो.
- चावी काढली की साठवलेली स्टेशनं आणि घड्याळाची वेळ पुसली जाते.
- गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसते.
- जवळची, दमदार स्टेशनंही धड लागत नाहीत.
- अँटेनाची पिन काढली की रेडिओच बंद होतो.
- नवा फ्यूज लावल्या लावल्या उडतो.

यातल्या बहुतेक तक्रारींत नव्या रेडिओचा दोष नसतो, म्हणून सेट बदलून आणल्यावरही तक्रार तशीच राहते. मूळ ट्रान्झिस्टर रेडिओ जेमतेम एक-दोन अँपिअर करंट घ्यायचा, बहुधा एकच स्पीकर वाजवायचा आणि परतीच्या वायरीचं काम गाडीच्या पत्र्याकडून करून घ्यायचा. नव्या रेडिओला चारही स्पीकरच्या दोन्ही वायरी पत्र्यापासून वेगळ्या लागतात, जाड वायरीतून करंट लागतो आणि अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी विजेची जोडणी) पक्कं लागतं. गाडीचं वायरिंग जुन्या रेडिओच्या हिशोबाचंच राहतं आणि तिथेच घोळ होतो. म्हणून तपास गाडीच्या बाजूने सुरू करायचा.

लागणारं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, एक सुटा ४ ओहमचा स्पीकर, तीन-चार मीटर वायर, दीड व्होल्टचा एक सेल, पॉलिश पेपर आणि पान्यांचा संच. डॅशबोर्डच्या मागे हात घालण्याआधी बॅटरीचं अर्थिंगचं टोक काढायचं. ज्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर आहे, त्यांत मीटरच्या मागे येणारी जाड वायर बऱ्याचदा फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून आलेली असते. पाना घसरून ती पत्र्याला टेकली, तर जळण्यापूर्वी काहीच आड येत नाही.

सर्वात आधी: गाडी किती व्होल्टची, आणि पत्र्याला कोणतं टोक?

ही तपासणी फुकट आहे आणि हीच चुकली तर रेडिओ पहिल्याच क्षणी जातो. बोनेट उघडा आणि बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला किंवा इंजिनला जोडलंय ते बघा. मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्ट मोजा. इंजिन बंद असताना भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते, ६ व्होल्टची ६.३.

ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत, काहींत त्याच्याही पुढे, पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हा बदल १९६७ मध्ये झाला. अमेरिकन फोर्ड १९५५ च्या मॉडेलपर्यंत ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थिंगची होती, १९५६ पासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह. फोक्सवॅगनची बीटल कितीतरी वर्षं ६ व्होल्टवर चालली. पण पुस्तकावर किंवा वर्षावर विसंबू नका. आधीच्या मालकाने मधल्या काळात टोकं उलटी केलेली असू शकतात, किंवा कोणी सर्व्हिसिंग करताना परत सरळ केलेली असू शकतात. समोरची बॅटरी जे सांगते तेच खरं.

पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत 'लाल-काळी अदलाबदल करून लावू' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. नव्या रेडिओचा धातूचा डबा आतून निगेटिव्हला जोडलेला असतो. डबा डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकला की सरळ शॉर्ट. डब्याला रबर लावून वेगळा केला तरी अँटेनाच्या वायरीची बाहेरची जाळी एका टोकाला डब्याला आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला जोडलेली असते, म्हणजे शॉर्ट तिथून होतो. इथे मार्ग दोनच. एक, इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण विलग असलेला कन्व्हर्टर (सप्लाय बदलून देणारा डबा) बसवायचा, म्हणजे त्याच्या आउटपुटचं निगेटिव्ह बॉडीला जोडलं तरी चालतं. दोन, अख्खी गाडीच निगेटिव्ह अर्थिंगवर न्यायची. दुसऱ्या मार्गाबद्दल शेवटी सांगितलंय. ६ व्होल्टच्या गाडीत ६ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो आणि त्याच्या इनपुटच्या वायरीतून रेडिओच्या करंटच्या दुपटीहून जास्त करंट जातो, हे वायर निवडताना धरून चालायचं.

तीन फुकटच्या चाचण्या: आवाज येतो कुठून?

शिट्टी किंवा टकटक असेल तर काहीही विकत आणण्याआधी हे करा. इंजिन चालू ठेवून रेडिओचा आवाज शून्यावर न्या. शिट्टी तशीच राहिली, तर ती आवाजाच्या बटणानंतर शिरते आहे: म्हणजे पॉवरच्या वायरीतून, अर्थिंगमधून किंवा स्पीकरच्या वायरींतून. आवाज कमी केल्यावर शिट्टीही कमी झाली, तर ती आधीच शिरते आहे: अँटेनातून, किंवा वेगळा अँप्लिफायर असेल तर रेडिओपासून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीतून.

मग अँटेनाची पिन उपटा. टकटक गेली तर ती हवेतून अँटेनाकडे येतेय, म्हणजे इग्निशनकडे किंवा अँटेनाच्या अर्थिंगकडे बघायचं. राहिली तर पॉवर आणि अर्थिंगकडे.

पिन उपटल्याबरोबर रेडिओच बंद पडला किंवा मंदावला, तर पुढचं काही वाचत बसू नका. याचा अर्थ रेडिओची काळी, म्हणजे निगेटिव्हची, वायर कामच करत नाहीये आणि सगळा करंट अँटेनाच्या जाळीतून परत जातोय. ती जाळी एवढ्या करंटसाठी नसते. मोठ्या आवाजावर ती हाताला कोमट लागते, आणि जास्त चालवली तर आतलं प्लास्टिक वितळून मधली तार जाळीला टेकते. काळ्या वायरीचं अर्थिंग आधी दुरुस्त करा, मग बाकीचं बघा.

शेवटची फुकटची चाचणी: इंजिन बंद, चावी चालू. वायपर, हीटरचा पंखा, इंडिकेटर, हॉर्न एकेक करून लावा. जे लावल्यावर खरखर सुरू होते, ते उपकरण गुन्हेगार. काहीच लावलेलं नसताना ठरावीक अंतराने बारीक टिकटिक येत असेल आणि गाडी साठच्या दशकातली ब्रिटिश असेल, तर डॅशबोर्डमागचा मीटरचा स्टॅबिलायझर बघा. पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना सरासरी १० व्होल्ट देण्यासाठी त्याच्या आतली पट्टी तापून उघडते आणि थंड होऊन मिटते. दर उघडझापीला ठिणगी पडते. त्याच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मिळतो, तो लावला की टिकटिक संपते.

अर्थिंग

एवढ्या एका गोष्टीने जितक्या तक्रारी सुटतात तितक्या दुसऱ्या कशानेही नाही, म्हणून इथे घाई करू नका.

बरेच जण मल्टिमीटर ओहमवर लावून काळी वायर आणि बॉडी यांत शून्य आलं की समाधान मानतात. ही चाचणी फसवी आहे. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटरला शून्याच्या जवळचंच दिसतं, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. खरी चाचणी करंट वाहत असताना घ्यायची. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावा, क्लॅम्पवर नाही. लाल टोक रेडिओच्या काळ्या वायरीवर. रेडिओ मोठ्या आवाजात वाजू द्या. ०.१ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थिंग उत्तम. ०.३ च्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी गंज, रंग किंवा सैल नट आहे. मग लाल टोक एकेक जोड मागे नेत चला: रेडिओचा डबा, डॅशबोर्डचा पत्रा, बॉडी, बॅटरीचा क्लॅम्प. आकडा जिथे एकदम पडतो, दोष त्याच जोडात.

लाकडी डॅशबोर्ड किंवा फायबरग्लासची बॉडी असेल तर रेडिओ स्क्रूने कसला म्हणून अर्थिंग होत नाही. पत्र्याचा डॅशबोर्ड असला तरी रंगाच्या थरातून ते धड मिळत नाही. २.५ चौरस मिमीची वेगळी काळी वायर घ्या, तिला गोल लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून लावा, बॉडीच्या पक्क्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वर थोडं ग्रीस लावा. वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याचं आणि रेडिओचं अर्थिंग एकाच बोल्टवर घ्या. दोन लांबच्या जागांवर घेतलं तर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक सिग्नलच्या वायरीतून वाहतो, आणि तीच शिट्टी.

जाताजाता इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टीही बघून घ्या. ती तुटली किंवा गंजली असेल तर स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने, अगदी चोकच्या किंवा क्लचच्या केबलमधूनही परत जातो.

पॉवरच्या वायरी

नव्या रेडिओला दोन वेगळ्या सप्लाय वायरी असतात. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी आणि मुख्य करंटसाठी. लाल चावीवर चालणारी, फक्त 'चालू हो' सांगण्यासाठी. काळी निगेटिव्ह. चौकोनी आयएसओ कनेक्टर असेल तर चौथ्या पिनवर कायमचा सप्लाय, सातव्यावर चावीचा, आठव्यावर निगेटिव्ह. काही गाड्यांच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) चौथी आणि सातवी उलट असतात. दर वेळी चावी काढली की मेमरी जाते, याचं सर्वात नेहमीचं कारण हेच. पिवळी-लाल अदलाबदल करा, विषय संपला. गाडीला बॅटरी कटऑफ स्विच बसवला असेल आणि तो रोज बंद होत असेल, तर मेमरी जाणारच. तो दोष नाही.

जुन्या गाडीतली कोणती वायर कशाची, हे रंगावरून बरंच कळतं. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, जांभळी म्हणजे फ्यूजमधून कायम चालू, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशनची फ्यूजमधून आलेली, काळी अर्थिंग. जर्मन गाड्यांत टोकांवर आकडे असतात: ३० कायम चालू, १५ इग्निशन, ३१ अर्थिंग, ५८ डॅशबोर्डचे दिवे. तरी जोडण्याआधी प्रत्येक वायर मीटरने तपासा, कारण इतक्या वर्षांत कोणी ना कोणी कुठल्याही रंगाची वायर कुठेही वापरलेली असते.

आवाज वाढवल्यावर रेडिओ बंद पडत असेल तर पिवळ्या वायरीवर व्होल्ट मोजा, मोठ्या आवाजात. त्याच वेळी बॅटरीवर जितके आहेत त्याच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरले, तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब. मूळ रेडिओची बारीक वायर नव्या रेडिओच्या पिवळीला जोडायचीच नाही. बॅटरीवरून २.५ चौरस मिमीची नवी वायर आणा आणि बॅटरीपासून १५-२० सेंमीच्या आत फ्यूज बसवा, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी आग लागणार नाही. फ्यूज रेडिओवर छापलेल्या आकड्याचाच, सहसा १० किंवा १५ अँपिअरचा. मूळ रेडिओची जुनी वायर वाया जात नाही, ती लाल वायरीला जोडायला पुरेशी आहे. अँपिअर मीटर असलेल्या गाडीत बॅटरीवरून थेट घेतलेला रेडिओचा करंट मीटरला चार्जिंग म्हणून दिसेल, ते बघून घाबरू नका.

ऑल्टरनेटरऐवजी डायनॅमो (जुन्या प्रकारचा जनरेटर) असलेल्या गाडीत आणखी एक मर्यादा असते. ब्रिटिश कंपनी लुकासचा सी-४० हा नेहमीचा डायनॅमो २२ अँपिअर देतो, तेही चांगल्या आरपीएमला. आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. रात्री सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट, वायपर आणि रेडिओ तिघंही बॅटरीवर चालतात. तेव्हाच रेडिओ बंद पडत असेल आणि बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास आलेली असेल, तर रेडिओ, वायरी, अर्थिंग सगळं निर्दोष असू शकतं.

चावीबद्दल एक इशारा. पुष्कळ जुन्या गाड्यांत रेडिओसाठी चावीला वेगळा टप्पाच नसतो. लाल वायर इग्निशनवर घेतली आणि गाडी उभी करून गाणी ऐकत बसलात, तर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट (करंटची उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले असल्यास इग्निशनच्या कॉइलमधून सतत करंट जातो. कॉइल तापते, पॉइंट जळतात. वेगळा छोटा स्विच लावून लाल वायर फ्यूजमधून आलेल्या कायम सप्लायवर घेणं बरं.

बॅटरी बसत असेल तर गळती मोजा. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि काढलेली वायर यांच्यामध्ये जोडा. दारं बंद, सगळं बंद, चावीला हात लावायचा नाही. स्टार्टर फिरला तर मीटरचा फ्यूज गेलाच. रेडिओची मेमरी काही मिलिअँपिअरच घेते. २० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, महिन्यात १४.४. म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळपास तिसरा हिस्सा. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला एवढंही जड जातं, तिथे कटऑफ स्विचच बरा. पण आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर रेडिओची पिवळी वायर काढून पुन्हा मोजा. आकडा पडला नाही, तर गळती रेडिओची नाहीच. अँप्लिफायर असेल तर त्याची चालू करणारी निळी-पांढरी वायर कुणी कायम सप्लायला जोडली नाही ना, ते आधी बघा.

मुके स्पीकर

जुन्या रेडिओत स्पीकरचं एक टोक बॉडीला जोडलेलं असायचं. नव्या रेडिओचे आउटपुट वेगळ्या जातीचे आहेत: स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या जवळपास निम्मे व्होल्ट असतात आणि दोघींपैकी एकही पत्र्याला टेकलेली चालत नाही. टेकली की रेडिओ स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो, आणि ते संरक्षण निकामी झालं तर आउटपुटचा चिप जळतो. म्हणून मूळ स्पीकरच्या वायरी वापरण्याआधी रेडिओकडची टोकं सोडवा आणि प्रत्येक टोक व बॉडी यांमध्ये ओहम मोजा. मीटरने 'उघडं सर्किट' दाखवायलाच हवं. काहीही आकडा आला, तर ती वायर वापरू नका, स्पीकरपर्यंत नवी जोडी टाका.

पुढच्या-मागच्या स्पीकरांचं प्रमाण ठरवणारा जुना फेडर डॅशबोर्डखाली असेल तर तोही काढावा लागतो, कारण त्यात दोन्ही स्पीकरचं एक टोक एकत्र केलेलं असतं.

स्पीकरची स्वतःची तपासणी दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलच्या दोन वायरी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक' असा आवाज यायला हवा आणि कागदी शंकू हलायला हवा. सेलचा पॉझिटिव्ह ज्या टोकाला लावल्यावर शंकू बाहेर येतो, ते स्पीकरचं पॉझिटिव्ह. सगळ्या स्पीकरांवर तशी खूण करून घ्या, नाहीतर एक शंकू बाहेर आणि दुसरा आत जाऊन खर्ज गायब होतो. हलताना कागद चरचरला, तर कॉइल घासतेय किंवा कागद फाटलाय. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.८ दाखवतो. जुने स्पीकर काही ८-१० ओहमचे असतात, ते वाजतील, पण हळू. नव्या रेडिओला एका आउटपुटवर ४ ओहमपेक्षा कमी चालत नाही, म्हणून ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच आउटपुटला समांतर जोडायचे नाहीत, ते २ ओहम होतात.

डॅशबोर्डच्या मध्यात एकाच स्पीकरची जागा असेल तर डावी आणि उजवी वायर एकत्र पिळून त्याला देण्याचा मोह आवरा. दोन आउटपुट एकमेकांना भिडले की दोन्ही जातात. या जागेसाठी दोन स्वतंत्र कॉइलचा स्पीकर मिळतो. डावीकडची जोडी एका कॉइलला, उजवीकडची दुसरीला.

सगळं ठीक दिसूनही आवाज नसेल, तर सुटा स्पीकर पुढच्या सीटवर ठेवा आणि दोन नव्या वायरींनी थेट रेडिओच्या पांढऱ्या व पांढऱ्या-काळ्या जोडीला लावा. वाजला, तर रेडिओ चांगला आहे, दोष गाडीच्या वायरीत. मग राखाडी, हिरवी आणि जांभळी जोडी तशीच तपासा. न वापरलेल्या जोड्यांची प्रत्येक वायर वेगवेगळी टेपने बंद करा, सगळ्या एकत्र गुंडाळून नाही. एकही स्पीकर न जोडता रेडिओ चालू करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांमध्ये व्होल्ट मोजा. बहुतेक सेटमध्ये सगळ्या वायरींवर ६ च्या आसपास सारखाच आकडा येतो. एखादीवर शून्य किंवा पूर्ण बॅटरीचे व्होल्ट आले, तर तो आउटपुट गेलेला आहे.

अँटेना

पिन रेडिओतून काढून मोजा. अँटेनाच्या दांडीचं टोक ते पिनचा मधला भाग: एक ओहमच्या आत. दांडी ते बाहेरची जाळी: उघडं. जाळी ते बॉडी: अर्ध्या ओहमच्या आत. तिसरी चाचणीच सर्वात जास्त वेळा नापास होते, कारण मडगार्डच्या भोकाखाली रंग किंवा गंज असतो. अँटेना सैल करून खालच्या बाजूचा पत्रा घासा आणि पुन्हा आवळा. एवढ्याने एएमवरची टकटक बऱ्याचदा कमी होते. मूळ रेडिओ परत बसवला असेल आणि अँटेना नवी असेल, तर रेडिओच्या बाजूला किंवा तळाला अँटेनाचा छोटा ट्रिमर स्क्रू असतो. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन लावून आवाज सर्वात मोठा होईल तिथे तो फिरवून ठेवा.

इग्निशन आणि चार्जिंगचा गोंगाट

इथपर्यंत सगळं तपासून टकटक राहिली, तरच खर्चाकडे वळायचं. प्लगच्या वायरी मीटरने मोजा. तांब्याच्या असतील तर शून्याजवळ आकडा येईल. गोंगाट दाबणाऱ्या वायरी काही हजार ओहम दाखवतात, त्या लावा. किंवा रेझिस्टर असलेले प्लग घ्या, त्यांच्या क्रमांकात आर हे अक्षर असतं, जसं एनजीकेच्या बीपी६ईएसऐवजी बीपीआर६ईएस. दोन्ही उपायांनी भागलं नाही म्हणून प्लग, टोपी आणि वायर असे तिन्हीकडे रेझिस्टर घालत बसू नका, ठिणगी अशक्त होऊन इंजिन मिसिंग करू लागेल.

इग्निशनच्या कॉइलला १ मायक्रोफॅरडचा सप्रेशन (गोंगाट दाबणारा) कंडेन्सर लावायचा असतो, पण तो कॉइलच्या इग्निशन स्विचकडच्या टोकाला. त्या टोकावर गाडीप्रमाणे एसडब्ल्यू, अधिकची खूण किंवा १५ लिहिलेलं असतं. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकाला लावला तर पॉइंटच्या ०.२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरशी तो समांतर येतो, ठिणगी मरते आणि गाडीच सुरू होत नाही. डायनॅमोला लावताना जाड वायरीच्या डी टोकाला लावा, बारीक वायरीच्या एफ टोकाला कधीही नाही. तिथे लावल्यास रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट जळतात. दोन्ही कंडेन्सरचा डबा खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने बसायला हवा, नाहीतर ते नुसतेच लटकलेले असतात.

ऑल्टरनेटरची गाडी असेल आणि शिट्टी रेसबरोबर चढत असेल, तर इंजिन चालू, हेडलाइट लावलेले ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर ऑल्टरनेटरचा एखादा डायोड गेल्याचा दाट संशय. फिल्टर लावून ती शिट्टी दबेल, पण बॅटरी पुरती चार्ज होणार नाही. आधी ऑल्टरनेटर दुरुस्त करा. पिवळ्या वायरीवरचा चोक फिल्टर (गोंगाट अडवणारी तारेची गुंडाळी) अगदी शेवटचा उपाय आहे, आणि लावलाच तर त्याची क्षमता फ्यूजच्या आकड्यापेक्षा जास्त हवी.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

- रेडिओ पूर्ण सोडवलेला असतानाही फ्यूज उडत असेल. शॉर्ट गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये आहे. मोठा फ्यूज घालून बघू, हा विचार सोडा. मग फ्यूजऐवजी वायर जळते.
- वायर वाकवल्यावर वरचं कापडी किंवा रबरी आवरण चुरा होऊन गळत असेल. टेप गुंडाळून ते सुधारत नाही, हार्नेसचा तो भागच बदलावा लागतो.
- जळका वास आला, किंवा कुठलीही वायर हाताला गरम लागली. बॅटरीचं टोक लगेच काढा आणि कारण सापडेपर्यंत परत लावू नका.
- गाडी पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह अर्थिंगवर न्यायची असेल. यात नुसती बॅटरी फिरवून भागत नाही. डायनॅमोला नव्या दिशेने चुंबकत्व द्यावं लागतं, कॉइलची टोकं आणि अँपिअर मीटर उलटावा लागतो, इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) आतून बदलावा लागतो, कायम चुंबकाच्या मोटारी उलट्या फिरतात. ऑल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन आधीच बसवलेलं असेल, तर उलट्या बॅटरीने ते तत्क्षणी जळतं.
- मूळ रेडिओ व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) असेल आणि तो उघडायचा असेल. आत २०० व्होल्ट आणि त्याहून जास्त असतात, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ टिकतात. हे काम व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचंच.
- नव्या रेडिओला ५३ बाय १८२ मिमीची खाच लागते आणि त्यासाठी मूळ डॅशबोर्ड कापायची वेळ आली असेल. ते करूच नका. मूळ भोकांत बसणारे दोन दांड्यांचे सेट मिळतात, किंवा नवा सेट डॅशबोर्डखाली, ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवता येतो. कापलेला पत्रा परत मूळ दिसत नाही.

काढलेला मूळ रेडिओ, त्याची बटणं, पुढची पट्टी, दांड्यांचे नट, मागचा आधाराचा पत्रा आणि स्पीकरचा प्लग एकाच डब्यात ठेवा, आणि प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावा. पुढेमागे तो टेबलावर चालवून बघायचा झाला तर स्पीकर जोडूनच चालवा. ट्रान्झिस्टरच्या जुन्या रेडिओंत स्पीकर न जोडता पॉवर दिल्यास आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडू शकतो, आणि तो जुना जर्मेनियमचा असेल तर जोडीचा नवा मिळवणं अवघड असतं.